पाने-पक्कड आणि सोनईची वाट

नेवासे तालुक्यातील सोनई हे ऊस, कांदा आणि बाजारपेठ यांच्या आधाराने वाढलेले गाव आहे. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे २६ टीएमसी क्षमतेचे मुळा धरण झाले, उजव्या कालव्याचे पाणी या परिसरात पोहोचले आणि जिरायती शिवार बागायती झाले. गावच्या मुळा सहकारी साखर कारखान्याने या पाण्याचे रूपांतर रोख पैशात केले. साहजिकच किराणा, कापड, खते-बियाणे आणि आडतीचे व्यवहार वाढले. परंतु खेड्यापाड्यांतील व्यापाराला पेढीवर बसून भागत नाही. माल पोहोचवायला, उधारी वसूल करायला, घोडेगावच्या कांदा बाजारात भाव पाहायला व्यापाऱ्याला वस्त्यांवर आणि गावोगावी जावे लागते. तेथे त्याचा खरा भागीदार म्हणजे मोटारसायकल.

या भागातील रस्त्यांची परीक्षा गळीत हंगामात असते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाने लादलेल्या टायरगाड्या यांच्यामुळे दुचाकीला कडेच्या कच्च्या पट्टीवर उतरावे लागते. त्या पट्टीवर वेड्या बाभळीचे काटे असतात, बैलांच्या पत्रीचे गळून पडलेले खिळेही असतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. चौविहार पाळणारा माणूस वसुली आटोपून पाच वाजता परतीला लागला आणि निर्जन रस्त्यावर क्लचची तार तुटली, तर हानी केवळ तासाभराची नसते. घरी ताट वाढून ठेवलेले असते, पण सूर्यास्तानंतर त्याला पाणीदेखील वर्ज्य असते. शिवाय खिशात दिवसभराच्या वसुलीची रोकड असते. स्वस्तातल्या एका तारेचे मोल अशा वेळी कळते.

जुन्या पिढीला हे शिकवावे लागले नाही. राजदूत आणि येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर ऑइल जळत असे. त्यामुळे प्लगवर काजळी धरे आणि गाडी वाटेतच बंद पडे. प्लग-पाना, एक जादा प्लग आणि काचपेपरचा तुकडा यांवाचून कोणी घराबाहेर पडत नसे. हस्तिमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली आणि नगरच्या कारखान्यात तयार होणारी लुना तर आपला पर्याय अंगावरच वागवीत असे. इंजिन रुसले, की पायडल मारीत घर गाठता येई. नगर जिल्ह्यातील एका जैन उद्योजक घराण्याने सामान्य माणसाची ही अडचण नेमकी ओळखली होती.

आज पिशवीत काय असावे, हे ठरवताना व्यापाऱ्याने दुकानाचाच हिशेब लावावा. जो माल फिरतो, तोच साठवावा. रस्त्यावर वारंवार दगा देणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत. ट्यूब, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या तारा, प्लग, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब आणि साखळीचे लॉक एवढे सुटे भाग पुरेत. त्यांच्या जोडीला आपल्या गाडीच्या मापाचे पाने, प्लग-पाना, पक्कड, पेचकस, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, पंक्चरचे साहित्य, छोटा पंप, चिकटपट्टी आणि बॅटरी असावी. टायर ट्यूबलेस असेल, तर ट्यूबऐवजी रबरी पट्ट्या व त्यांचे हत्यार घ्यावे. यापलीकडचे ओझे म्हणजे निव्वळ परिग्रह.

मात्र वस्तू जवळ असणे आणि ती उपयोगी पडणे यांत अंतर आहे. गॅरेजमध्ये लांब पान्याने आवळलेला मागच्या चाकाचा नट गाडीबरोबर मिळालेल्या आखूड पान्याने सुटतो का, हे घराच्या अंगणातच पाहून घ्यावे. जादा ट्यूब पान्यांसोबत कोंबली, तर घासून तिलाच भोक पडते. ती पावडर लावून कापडात गुंडाळावी. पंक्चर झाल्यावर टायरच्या आतून कापड फिरवून काटा शोधावा, नाहीतर नवी ट्यूबही त्याच काट्याला बळी पडते. साखळीच्या लॉकचे बंद टोक साखळीच्या चालीच्या दिशेस ठेवावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद कधीही घालू नये, त्याने वायरिंग जळते. जादा क्लचची तार जुन्या तारेशेजारीच बांधून ठेवण्याची युक्ती जाणकार करतात. जुनी तुटली, की केवळ टोके बदलायची.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून बहुधा कार्ब्युरेटर गेला. इंधन इंजेक्शनच्या गाडीचा बिघाड रस्त्यावर उलगडत नाही. बॅटरी पुरती उतरली, तर धक्का मारूनही ती सुरू होत नाही, कारण तिचा पेट्रोलपंपच विजेवर चालतो. म्हणून नव्या गाडीच्या मालकाने बॅटरीच्या तपासणीत कुचराई करू नये. काटा आणि खिळा मात्र जुन्या-नव्या गाडीत भेद करीत नाहीत.

सोनईपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर आहे. तेथील घरांना दारे-कड्या न लावण्याची परंपरा आहे आणि २०११ मध्ये यूको बँकेने कुलूप नसलेली शाखाही तेथे उघडली. शनिअमावास्येला या वाटेने दूरदूरच्या भाविकांची रीघ लागते. कुटुंबासह आलेला परगावचा दुचाकीस्वार रात्री कडेला उभा दिसतो, त्याच्याजवळ सहसा पानादेखील नसतो. स्थानिक व्यापाऱ्याच्या पिशवीतील पंप आणि पॅच तेव्हा त्याच्या कामी येतात. वर्षभराचा हिशेब मांडला, तर अशी पिशवी मालकापेक्षा इतरांसाठीच अधिक वेळा उघडलेली आढळते.

दिवाळीत वहीपूजनाच्या सुमारास व्यापारी मालाची मोजदाद करतो. गळीत हंगामही त्याच सुमारास तोंडावर आलेला असतो. त्या मोजदादीत मोटारसायकलच्या पिशवीचीही एक ओळ असावी. दुसऱ्याला दिलेला पॅच भरून काढावा, सुकलेले सोल्युशन बदलावे आणि गंजलेल्या पान्यांना तेलाचा हात फिरवावा.