अब्बांची चाल

हरलेला एक डाव माणसाला फारसं काही शिकवत नाही. त्या दिवशी झोप झाली नव्हती, वीज गेली, दारात कुणी आलं, अशी शंभर कारणं त्याला देता येतात. पण तीन हजार डाव एकत्र समोर ठेवले की कारणं गळून पडतात आणि उरते ती सवय. माणूस रोजनिशीत जे लिहितो त्यापेक्षा हिशोबाच्या वहीत जास्त खरा सापडतो. इंटरनेटवर बुद्धिबळ खेळणाऱ्याची अशी वही आपोआप लिहिली जात असते.

२०२० च्या लॉकडाऊनपासून मी लिचेसवर खेळतो. थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० साली सुरू केलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे, त्यावर जाहिरातीही नाहीत. तिथे आपले आजवरचे सगळे डाव एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. चेस डॉट कॉमवर खेळणाऱ्यांना ते महिन्यामहिन्याच्या गठ्ठ्यांत मिळतात. फाइल असते पीजीएन पद्धतीची. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये आखलेली ही पद्धत म्हणजे साधा मजकूर. वर तारीख, वेळ, नावं, निकाल आणि ओपनिंगचा सांकेतिक क्रमांक, खाली खेळ्या. घड्याळात किती वेळ उरला होता, हेसुद्धा प्रत्येक खेळीपुढे नोंदवलेलं मिळतं.

माझी थोरली लेक अकरावीत आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने ही फाइल ‘सिड व्हर्सेस पीसी’ या मोफत प्रोग्राममध्ये भरली, त्याला स्टॉकफिश हे इंजिन जोडलं आणि संगणक रात्रभर चालू ठेवला. एकेक डाव उघडून बसायची गरज नसते. इंजिन रांगेने एकेक डाव घेतं, प्रत्येक खेळी तोलतं आणि शेरा लिहून पुढच्या डावाकडे जातं. त्याचं वजनाचं माप म्हणजे प्याद्याचा शंभरावा हिस्सा. आपल्या खेळीने असे किती हिस्से गमावले, याची सरासरी काढली की खेळाडूचा ताळेबंद तयार होतो.

असा ताळेबंद वाचायचीही एक रीत आहे. बुलेट, ब्लिट्झ आणि रॅपिड वेगळे करावे लागतात; एका मिनिटाच्या डावातली घिसाडघाई दहा मिनिटांच्या डावाच्या हिशोबात धरली तर काहीच कळत नाही. एकदा घडलेली चूक सोडून द्यायची आणि चाळीस वेळा घडलेली धरायची. आणि इंजिनचा शेरा वाचण्याआधी त्या ठिकाणी आपण काय विचार केला होता, ते आठवून पाहायचं.

पहिल्यांदा समोर आली ती वेळ. लेक म्हणाली, “अब्बू, तुम्ही एरवी रात्री अकराच्या पुढे कधी खेळत नाही. पण वर्षातून एक महिना पहाटे चार-साडेचारला खेळता. आणि तो महिना दरवर्षी मागे सरकतो.” २०२० मध्ये एप्रिल-मेमध्ये असलेला पट्टा २०२५ पर्यंत मार्चमध्ये आला होता. आम्ही दोघंही हसलो. सहरीच्या आगेमागे खेळलेले डाव होते ते. फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून आमच्या मिरजेतली पहाट त्या नोंदीत आदल्या दिवशीची रात्र होऊन बसली होती. चंद्राच्या हिशोबाने चालणारा महिना असा सूर्याच्या वहीत तिरक्या ओळीत उमटला होता.

दुसरी गोष्ट मात्र हसून सोडण्यासारखी नव्हती. जगातली ओपनिंग्ज ए०० पासून ई९९ पर्यंत पाचशे क्रमांकांत बसवलेली आहेत. ए०० हा अगदी पहिला खण, आणि त्यात कुठेच न बसणाऱ्या सुरुवाती टाकलेल्या असतात. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेले माझे बहुतेक डाव त्या एका खणात होते. राजासमोरचं किंवा वजिरासमोरचं प्यादं मी एकच घर पुढे ढकलतो. किल्लेकोट करतो तो दहाव्या-बाराव्या खेळीनंतर, कित्येकदा करतही नाही. इंजिनच्या हिशोबाने पांढऱ्याला जी थोडीशी आघाडी जन्मतः मिळते, ती मी पहिल्या दहा खेळ्यांत देऊन टाकतो.

ही चाल माझी नाही, अब्बांची आहे. अब्बा रेल्वेत फिटर होते. ड्युटी सुटली की सतार बनवणाऱ्या एका मित्राच्या दुकानाच्या ओट्यावर त्यांचा डाव रंगायचा, आणि तो देशी नियमांचा. प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर चालणार. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह लागलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी उडी. सांगली जवळच; तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी आंतरराष्ट्रीय नियमांवर पोरांच्या पिढ्या घडवल्या. पण आमच्या ओट्यापर्यंत ते नियम उशिरा पोहोचले. मी प्यादं दोन घरं ढकललं की अब्बा ते बोटाने मागे सारत. “प्यादा दौडता नहीं बेटा, चलता है.” त्यांचा इंतकाल होऊन चौदा वर्षं झाली. प्यादं अजून चालतंच आहे.

अब्बांचा नियम अडाणी नव्हता, तो जुना होता. नवव्या शतकातला अल-अदली आणि दहाव्या शतकात बगदादच्या दरबारात खेळणारा अस-सूली यांच्या शतरंजमध्येही प्यादं एकेक घरच चाले. समोरासमोर गाठ पडायला वेळ लागे, म्हणून दोघे आपापले मोहरे आधी रचून घेत. त्या रचनांना ते ‘ताबिया’ म्हणत. आजचे ग्रँडमास्टरही ओपनिंगमधल्या ठरीव स्थितीला ताबियाच म्हणतात. दोन घरांची उडी युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस रुळली.

या देशी तालमीची किंमत मीर सुलतान खान यांनी मोजली आणि तिचं मोलही दाखवलं. पंजाबातला हा माणूस देशी नियमांवर वाढलेला, ओपनिंगच्या पुस्तकांशी संबंध नसलेला. १९२९ मध्ये ते लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाला हरवलं. सुरुवातीला ते अडखळत, पण पट मोकळा होत गेला की समोरच्याला श्वास घेऊ देत नसत. १९६६ मध्ये ते गेले. फिडेने मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये.

माझी पायरी फार खालची. पण ताळेबंदाच्या दुसऱ्या पानावर मलाही तसलंच काही दिसलं. वजीर पटावरून गेले, राजा आणि थोडी प्यादी उरली, की माझी सरासरी एकदम सुधारते. वेळही कमी लागतो. पहिल्या दहा खेळ्यांना लागतो त्यापेक्षा शेवटच्या दहा खेळ्यांना मी कमी विचार करतो, आणि त्या जास्त बरोबर निघतात. प्याद्याला हळू चालवायला शिकवणाऱ्याने एकेका घराची किंमतही शिकवली होती. लागवडीचा खर्च पहिल्या पानावर दिसत होता, पीक शेवटच्या पानावर.

आपल्यापैकी अनेकांना कुणीतरी विचारलेलं असतं, “तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता?” विचारणारा कौतुकच करत असतो, पण त्याचा कान आपल्या बोलण्यातली दखनी शोधत असतो. इंजिनजवळ असा कान नाही. त्याच्या मनात कौतुक नाही आणि आकसही नाही. त्याला एकच प्रमाणभाषा येते आणि तिच्यापासून आपण किती हिस्से दूर आहोत, एवढंच ते सांगतं. त्यातलं काय चुकीचं आणि काय लहेजा, हे ठरवायचं काम आपल्याकडेच राहतं. लहेजा म्हणून सगळंच जपायचं ठरवलं तर डाव हरतो. सगळंच पुसून टाकलं तर जिंकतो कोण, हा प्रश्न उरतो.

मी माझ्यापुरती वाटणी केली. लिचेसवर आता वजिरासमोरचं प्यादं दोन घरं चालवतो आणि सातव्या-आठव्या खेळीच्या आत किल्लेकोट करतो. नियम ज्या पटाचे, चाल त्या पटाची. लेकीने पुढच्या तीनशे डावांचा हिशोब मांडून दाखवला. सुरुवातीचा तोटा निम्म्याहून खाली आला आहे. डावाचा शेवट होता तसाच आहे. त्याला हात लावायचा नाही, असं तिनेच सुचवलं.

जुम्म्याच्या दुपारी मात्र आम्ही दोघं अब्बांचा कापडी पट अंथरतो आणि देशी नियमांनी खेळतो. तिला राजाची उडी भारी आवडते. त्यातला एक डाव तिने प्रोग्राममध्ये भरायचा प्रयत्न केला, पण राजाने उडी मारताच त्याने ती खेळी नियमबाह्य म्हणून नाकारली. मग तिने दोनशे पानी वही आणली. आतापर्यंत एकोणीस डाव लिहून झाले आहेत. शेऱ्याचा रकाना तिने कोराच ठेवला आहे; तो कुणी भरायचा, हे अजून आमचं ठरलेलं नाही.