लॅमिंग्टन रोडवरील एक सकाळ

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे गड-किल्ले, सागरकिनारे किंवा हिमशिखरे उभी राहतात. प्रस्तुत लेखात यांपैकी काहीही नाही. सांगलीहून मुंबईचा एका रात्रीचा प्रवास, मुंबईतील एका गजबजलेल्या रस्त्यावरील एक सकाळ आणि खिशात मावणारे गाण्यांचे एक लहानसे यंत्र एवढाच याचा ऐवज आहे. तरीही निवृत्तीनंतर केलेल्या अनेक प्रवासांपैकी हाच प्रवास मला अधिक काही शिकवून गेला, म्हणून तो लिहून ठेवावासा वाटला.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते याच गावी. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेले हरिपूर हे ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. आमच्या आईचे माहेर हरिपूरचे. त्यामुळे नाट्यसंगीताची ओढ तिच्याबरोबरच सासरी आली. वडिलांचे हळद पेठेत दुकान होते. दिवसभर पोती, काटा आणि खतावणी यांत गुंतलेला हा माणूस रात्री मात्र आकाशवाणीवरील नाट्यगीते कॅसेटवर ध्वनिमुद्रित करीत बसे. प्रत्येक गाण्याआधी ते स्वतःच्या आवाजात तारीख आणि गाण्याचे नाव सांगत, जणू रोजकीर्दीत नोंदच करीत. अशा सुमारे ६० कॅसेटी जमल्या होत्या. वडील गेल्यानंतर आई रोज दुपारी त्या लावून बसे.

दोन वर्षांपूर्वी तो जुना टेपरेकॉर्डर कायमचा बंद पडला. नातवाने हौसेने सर्व कॅसेटी संगणकावर उतरवल्या. कॅसेट ६० मिनिटांची, प्रत्येक बाजू ३० मिनिटांची आणि एका मिनिटाला साधारण एक एमबी, या हिशेबाने वडिलांचा सारा ठेवा चार जीबीच्या आत बसला. ज्याला एक कपाट लागत होते, ते नखाएवढ्या कार्डात मावले. मीही एका मुंबईवारीत पदपथावरील विक्रेत्याकडून साडेतीनशे रुपयांना एक गाणारी डबी आणली होती. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, लहानसा स्पीकर असलेली आणि वर चार बटणे. आईला ती मोठ्या कौतुकाने दिली आणि आमची अडचण तेथूनच सुरू झाली.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी डबी असेल, म्हणून तिचे गुण थोडे तपशिलाने सांगतो. तिला पडदा नाही. निळा दिवा लुकलुकतो. पण तो चार्जिंग होतानाही लुकलुकतो आणि गाणे चालू असतानाही. पुढच्या गाण्याचे आणि आवाज वाढविण्याचे बटण एकच. झटकन दाबले तर पुढचे गाणे, दाबून धरले तर आवाज मोठा. आई शहाऐंशी वर्षांची. तिच्या बोटांना ‘झटकन’ हा प्रकार राहिलेला नाही. ती पुढचे गाणे मागू लागली की डबी ओरडू लागे. तिसरे बटण चुकून दाबले गेले की गाणी जाऊन रेडिओची खरखर सुरू होई आणि पुन्हा गाण्यांवर येण्यासाठी तेच बटण नेमके किती वेळा दाबावे, हे डबीच जाणे. सर्वांत वाईट म्हणजे डबी बंद करून पुन्हा सुरू केली की अर्ध्या तासाचे ते ध्वनिमुद्रण पहिल्यापासून सुरू होई. पुढे सरकविण्याची सोयच नाही. आईने एकाच कॅसेटची पहिली दोन गाणी महिनाभर ऐकली.

जुन्या टेपरेकॉर्डरचे मोठेपण मला तेव्हा कळले. त्याची कळ दाबली की दबलेलीच राही. बोट फिरविले तरी यंत्र चालू आहे की बंद हे समजे. कॅसेट जेथे थांबविली तेथेच दुसऱ्या दिवशी सापडे. आवाजाची चकती वेगळी, गाण्याच्या कळा वेगळ्या. डोळ्यांनी साथ सोडल्यावरही आई तो सहज चालवी.

एके दिवशी ती डबी माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, “अण्णा, ह्यात तुझ्या वडलांचा आवाज हाय. पण तो ऐकायला मला तुमच्यातल्या कुणाची तरी वाट बघत बसावं लागतं.”

तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते वाक्य मनाला अधिक लागले.

पुढच्याच आठवड्यात मुंबईस लेकीकडे जायचे होते. डबी खिशात घातली आणि रात्रीची गाडी धरली. कऱ्हाड मागे पडल्यावर डब्यातील दिवे मालवले गेले. झोप येईना, म्हणून म्हटले, आपणच हे यंत्र एकदा नीट समजून घ्यावे. अंधारात चाचपडत एक बटण दाबले. काहीच घडले नाही. दुसरे दाबून धरले. तोच डबीतून एक बाई परकीय धाटणीच्या इंग्रजीत काहीतरी मोठ्याने बोलली आणि पाठोपाठ रेडिओची खरखर सबंध डब्यात घुमली. बंद करण्याच्या घाईत मी आवाज आणखी वाढविला. खालच्या बर्थवरील गृहस्थ उठून बसले, कुठे एक तान्हे मूल रडू लागले. शेवटी समोरच्या बर्थवरील तरुणाने माझ्या हातून डबी घेतली, क्षणार्धात शांत केली आणि हसून परत देत म्हणाला, “सोपं आहे काका.”

त्या मुलाने मदतच केली होती. तरी ते शब्द मला पहाटेपर्यंत झोपू देईनात. कारण ते माझेच शब्द होते. बँकेच्या शाखेत पासबुक छापण्याचे यंत्र आले, तेव्हा वृद्ध खातेदारांना खिडकीवरून त्या यंत्राकडे पाठविण्याचे काम माझ्याकडे होते. एक निवृत्त शिक्षक दर महिन्याला येत. यंत्र त्यांचे पासबुक परत बाहेर ढकले. पान उलटे, नाहीतर बाजू चुकीची. ते खिडकीशी येत आणि मी मान वर न करता म्हणे, “सोपं आहे काका, पुन्हा एकदा करून बघा.” पुढे त्यांनी येणे बंद केले. मुलगा पासबुक घेऊन येऊ लागला. आमच्या नोंदीत यंत्राचा वापर वाढल्याचे दिसले आणि वरिष्ठांनी शाखेचे कौतुक केले. स्वतःचे पैसे स्वतः पाहण्याचा त्या माणसाचा आनंद आपण काढून घेतला, हे मला इतक्या वर्षांनी गाडीच्या बर्थवर पडल्या पडल्या उमगले. सोपे कोणाला, हा प्रश्न मी त्या काळात एकदाही स्वतःला विचारला नव्हता.

दादरला उतरून लेकीकडे चहा-आंघोळ उरकली आणि अकराच्या सुमारास धीम्या लोकलने ग्रँट रोडला आलो. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे नाव स्थानकाला, तर १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव रस्त्याला. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. परंतु टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सर्वांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोडच. एके काळी हा चित्रपटगृहांचा रस्ता होता. १९७५ साली प्रदर्शित झालेला ‘शोले’ ज्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला, ते येथेच होते. आता येथे राज्य आहे ते तारा, चकत्या, चार्जर, संगणकाचे सुटे भाग आणि कॅमेरे यांचे.

व्यापारी घरातील माणसाने हा बाजार अवश्य पाहावा. रविवारी तो बहुतांशी बंद असतो, तेव्हा कामाच्या दिवशी जावे. दुकाने अरुंद, पण आत खोल. एका गाळ्यात केवळ वायरीची भेंडोळी, शेजारच्यात केवळ बटणे आणि जोडण्या. डाख देण्याच्या तापल्या सळईचा आणि राळेचा वास हवेत भरलेला. दहा रुपयांचा भाग मागणारा विद्यार्थी आणि शेकड्यांनी माल उचलणारा परगावचा व्यापारी एकाच फळीशी उभे असतात. पदपथावर माझ्या डबीच्या बहिणी ढिगांनी पडल्या होत्या: लाल, निळ्या, सोनेरी, नावे निराळी, बटणे तीच.

चार दुकानांत “नवीन घ्या, साहेब” हे उत्तर मिळाले. पाचव्या ठिकाणी, एका जिन्याखालच्या गाळ्यात, माझ्याच वयाचे दुरुस्तीकार बसले होते. त्यांनी डबी उघडली, भिंग लावून पाहिले आणि विचारले, “चालतेय की. तक्रार काय?”

मी आईची सारी हकिगत सांगितली. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “चिप तयार मिळते साहेब. प्रत्येक बटणाचा खर्च वेगळा. म्हणून एका बटणाला दोन-दोन कामं देतात. किंमत कमी होते ती अशी. उरलेली किंमत वापरणारा भरतो.”

चाळीस वर्षे हिशेबात घालवूनही हा हिशेब मला कोणी इतक्या स्वच्छपणे सांगितला नव्हता.

उपायही त्यांनीच सुचविले. ही डबी गाण्याचा क्रमांक ध्यानात ठेवते, गाण्यातली जागा ठेवत नाही. तेव्हा अर्ध्या तासाच्या बाजूचे गाण्यागणिक तुकडे करायचे. ती गाणी नावाच्या क्रमाने लावत नाही, तर कार्डावर ज्या क्रमाने उतरली त्या क्रमाने लावते. तेव्हा कार्ड कोरे करून एकेक गाणे ओळीने उतरवायचे. रेडिओकडे नेणारे बटण तर त्यांनी तेथल्या तेथे डाख वितळवून काढूनच टाकले. पन्नास रुपये घेतले. मी विचारले, “नवीन का नाही विकलीत?” ते म्हणाले, “नवीनही अशीच निघाली असती. मग तुम्ही पुन्हा माझ्याकडे आला नसता.”

सांगलीस परतल्यावर नातवाने तीन रविवार खर्चून तुकडे केले. वडिलांचा आवाज प्रत्येक तुकड्याच्या आरंभी येईल, हे मी जातीने तपासले. सौभाग्यवतीने आपली एक जाड टिकली मधल्या बटणावर चिकटविली, म्हणजे बोटाला ते न पाहता सापडावे. लांब दाबल्यावर ओरडण्याची खोड मात्र गेली नाही. त्यावर आईनेच मार्ग काढला. “तापल्या तव्याला बोट लावतो का न्हाई, तसं लावायचं,” असे ती आता आम्हालाच शिकविते.

परवा दुपारी तिच्या खोलीवरून जात होतो. आतून वडिलांचा आवाज आला, तारीख आणि गाण्याचे नाव सांगणारा. कोणी लावून दिले, असे विचारण्यासाठी मी आत डोकावलो. खोलीत आईखेरीज कोणी नव्हते.

आपल्यापैकी बहुतेकांचा व्यवसाय विक्रीचा आहे. एक नम्र विनंती करतो. वृद्धांसाठी एखादी वस्तू घेताना अथवा विकताना ती आपण चालवून दाखवू नये. ती त्यांच्या हातात द्यावी, आपले हात मागे बांधावेत आणि थोडा वेळ गप्प राहावे. वस्तू खरोखर सोपी आहे की नाही, हे त्या वेळात कळते. मला ते निवृत्तीनंतर कळले. त्या शिक्षकांना सांगण्यास मात्र उशीर झाला.