खालाची यादी

माझ्याजवळ एक जुनी वही आहे. तिचा पुठ्ठा फाटला आहे आणि शाई फिकी झाली आहे. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात दोन शब्द लिहिलेले आहेत : 'आधी काय?'

ही वही १९९७ सालची. त्या वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक होती. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. मी तेव्हा उर्दू शाळेत आठवीत होते. १९९३ साली घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली होती. तिच्यामुळे जिल्हा परिषदेच्या एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. पुढे २०११ साली महाराष्ट्रात हे प्रमाण निम्मे झाले. आमचा मतदारसंघ त्या वेळी स्त्रियांसाठी राखीव होता, म्हणून गावकऱ्यांनी माझ्या खालाला उभे राहण्याचा आग्रह केला. खाला फक्त सातवी शिकलेली. पण कुणाला दवाखान्यात न्यायचे असो की कुणाचे रेशनकार्ड अडलेले असो, लोक आधी तिचेच दार ठोठावत.

खालाने होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन आमच्या मराठीच्या सरांकडे गेली.

"सर, जिल्हा परिषदेचे काम काय असते, ते मला नीट सांगा. ठाऊक नसताना मते कशी मागू?" ती म्हणाली.

सर हसले. "घाबरता कशाला? जिल्हा, तालुका, अर्ज, मंजूर, हिशेब, हे कारभारातले शब्द तर तुमच्या उर्दूतही आहेत," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितले. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. गावोगावच्या प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, खेड्यांतले रस्ते, पिण्याचे पाणी, शेती आणि जनावरांचे दवाखाने ही कामे परिषदेकडे असतात. सभासद सभेत आणि समित्यांत बसून कामे ठरवतात व पैसा कशावर खर्च करायचा ते मंजूर करतात. "पण एक लक्षात ठेवा," सर म्हणाले, "कामे पुष्कळ असतात आणि पैसा थोडा असतो."

त्यानंतर खाला वाडीवाडीतून फिरू लागली. माझे मराठी अक्षर बरे होते, म्हणून शाळा सुटली की मी वही घेऊन तिच्याबरोबर जाई. लोक सांगत आणि मी लिही. कुणाला रस्ता हवा होता, कुणाला विहीर. कुणाला टेलिफोन, कुणाला एस.टी.ची संध्याकाळची फेरी, तर कुणाला विजेचे खांब. आठ दिवसांत निम्मी वही भरली.

मी म्हटले, "खाला, सगळ्यांना हो म्हणून टाक ना! हो म्हणायला आपले काय जाते?"

ती म्हणाली, "आज काही जात नाही, बेटा. उद्या इमान जाते."

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात तिने मला पानाच्या मधोमध रेघ ओढायला सांगितली. एका बाजूला जिल्हा परिषदेच्या हातातली कामे, दुसऱ्या बाजूला हातात नसलेली. टेलिफोन, एस.टी. आणि वीज दुसऱ्या बाजूला गेली. त्या लोकांना ती स्पष्ट सांगे, "यासाठी मी तुमच्याबरोबर अर्ज घेऊन येईन. पण करून देईन, असे म्हणणार नाही."

मग पहिल्या बाजूच्या कामांना क्रम लावायचा होता. हेच सर्वांत कठीण होते.

पहिला क्रमांक तिने साकवाला दिला. आमच्याकडे लहान ओढ्याला पऱ्या म्हणतात आणि त्यावरच्या छोट्या पुलाला साकव. वरच्या वाडीचा साकव सुपारीच्या खोडांचा होता. पावसाळ्यात तो शेवाळाने निसरडा होई. आदल्या पावसाळ्यात माझ्याच वयाची एक मुलगी त्यावरून पऱ्यात पडली. शेतातल्या माणसांनी धावत जाऊन तिला बाहेर काढले. ती वाचली, पण घरच्यांनी तिची शाळा बंद केली.

दुसरा क्रमांक पाण्याला. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी मे महिन्यात विहिरी आटतात, कारण डोंगरउतारावरून आणि जांभ्या दगडातून पाणी वाहून समुद्राला मिळते. तिसरा क्रमांक आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या गळक्या खोलीला. आणि आमच्या मोहल्ल्याचा रस्ता आला चौथा!

ही गोष्ट मोहल्ल्यात पसरली आणि संध्याकाळी अंगणात माणसे जमली. खालू रागावून म्हणाले, "आपली माणसे तुला उभी करतात आणि तू त्यांनाच मागे ठेवतेस?"

खाला शांतपणे म्हणाली, "रस्ता नसला तर आपल्या पायांना चिखल लागतो. तो धुता येतो. साकव नसला तर मूल वाहून जाते. तुम्हीच सांगा, आधी काय?"

कुणी उत्तर दिले नाही. पण सगळ्यांना ते पटले असेही नाही. काही जण न बोलता उठून गेले.

निवडणूक झाली. खाला थोड्या मतांनी हरली. आमच्या मोहल्ल्यातलीही काही मते तिला मिळाली नाहीत, असे लोक म्हणत. मला फार रडू आले. मी वही कोपऱ्यात फेकून दिली.

खालाने ती उचलली, धूळ झटकली आणि म्हणाली, "बेटा, पहिले पान चांगल्या कागदावर उतरवून दे."

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन ती निवडून आलेल्या बाईंच्या घरी गेली. मीही बरोबर होते. खाला म्हणाली, "ताई, मुबारक असो. लोकांनी सांगितलेली ही कामे आहेत. निवडणूक मी हरले, पण साकव अजून तसाच आहे." त्या बाईंनी कागद दोनदा वाचला. मग आम्हांला बसवून त्यांनी चहा दिला.

दोन वर्षांनी वरच्या वाडीला काँक्रीटचा साकव झाला. पहिल्या पावसात मी तो पाहायला गेले. खाली पऱ्या दुथडी भरून वाहत होता आणि वरून मुले दप्तरे घेऊन शाळेला येत होती. त्यांत त्या मुलीची धाकटी बहीण होती. ती मुलगी मात्र पुन्हा शाळेत आली नाही.

आमच्या मोहल्ल्याचा रस्ताही पुढे झाला. आता त्यावरून रिक्षा येतात आणि निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारही येतात. ते म्हणतात, "आम्ही सर्व काही करू." मी त्यांना पाणी देते, बसायला सांगते आणि एकच प्रश्न विचारते, "आधी काय करणार?"