आजोबांच्या लाकडी स्की

चिरंजीवांच्या नोकरीच्या निमित्ताने गेल्या हिवाळ्यात आम्हां उभयतांचे ऑस्लोला जाणे झाले. पुण्याच्या माणसाला बर्फ ठाऊक तो उसाच्या रसातला नाहीतर गोळ्यावरचा! तिथे पाहावे तर पाच-पाच वर्षांची पोरे पायांना स्की बांधून आपल्या अंगावरून भुर्रकन निघून जातात.

एकदा जुन्या बाजारात लाकडी स्कींची जोडी दिसली. टोके होडीच्या नाळेसारखी वर वळलेली, रंग मधासारखा. दिवाणखान्यात झोकात दिसेल म्हणून मी घासाघीस करू लागलो. बरोबर शेजारचे आजोबा होते. त्यांनी स्की तळाला तळ लावून उजेडात धरल्या आणि मान हलवली. चांगल्या स्कीला मध्ये किंचित कमान असते. तळ जुळवले की फटीतून उजेड दिसायला हवा. या बिचाऱ्या अगदी सपाट झालेल्या.

"भिंतीला चालतील, बर्फाला नाही!" आजोबा हसून म्हणाले.

मग त्यांनीच मला होल्मेनकोलेनच्या टेकडीवरचे, 1923 साली सुरू झालेले स्की-संग्रहालय दाखवले. टेलेमार्क प्रांतातल्या मोर्गेदालच्या सोंद्रे नोरहाइमची गोष्ट तिथे कळली. या गरीब माणसाने कमरेत बारीक स्की वापरल्या, टाचेभोवती वेताच्या पिळासारखे बांध घातले आणि वळणे घेणे सोपे करून दाखवले. पुढे 1884 साली तो अमेरिकेला गेला आणि 1897 साली तिकडेच वारला. नॉर्वेच्या डोंगरात तर सुमारे 1300 वर्षांपूर्वीची जोडी बर्फाखाली सापडली. एक स्की 2014 साली, दुसरी 2021 साली. दोन्ही खूप वापरलेल्या आणि दुरुस्त केलेल्या!

परतल्यावर आजोबांनी तळघरातून वडिलांच्या स्की काढल्या. लाकूड हिकरीचे, अमेरिकेहून आणलेले. पाणी मुरू नये म्हणून तळाला पाइनच्या लाकडाचे डांबर तापवून लावायचे. त्याचा धुरकट वास सबंध खोलीभर पसरला. 1970 नंतर फायबरग्लासच्या स्की आल्या आणि लाकडी स्की घरोघर अडगळीत गेल्या.

"यांचे किती येतील?" मी आपला व्यवहारी प्रश्न विचारला.

"फारसे नाहीत. अशा घरोघरी होत्या ना! कारागिराचा शिक्का, मूळचे बांध, शाबूत कमान असली तर हौशी माणूस थोडे जास्त देतो." मग तळावरून हात फिरवत म्हणाले, "वडील यांवरून शाळेत शिकवायला जात. मी अजून दर वर्षी डांबर लावतो. नातवंडांना नको आहेत."

मी गप्प बसलो. वाडा सोडून फ्लॅटमध्ये येताना आमचा शिसवी पाळणा मी जळाऊ लाकडाच्या भावाने दिला होता. तीन पिढ्या त्यात झोपल्या होत्या. आई काही बोलली नाही. फक्त पाळण्याची एक पितळी कडी पदरात बांधून घेऊन आली.

त्या रात्री मी सौभाग्यवतींना विचारले, "आईची ती कडी कुठे आहे गं?"

"देवघरात," ती म्हणाली, "दर दसऱ्याला घासते मी."