काळी एकचा षड्ज आणि विजेची गिटार

घरात नवे वाद्य येते तेव्हा त्याच्याबरोबर एक वादही येतो, असा आमचा अनुभव आहे. आणि वकिलाच्या घरी आलेला वाद रीतसर चालवल्यावाचून निकालात निघत नाही.

आमच्या चिरंजीवांनी यंदा एक जुनी विजेची गिटार घेतली. जाहिरात मोबाइलवर पाहिलेली, विकणारा परगावचा एक गृहस्थ, किंमत नव्या वाद्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि वर्णनाच्या शेवटी तीन शब्द : 'जसे आहे तसे'. या तीन शब्दांचे वजन आम्हांस ठाऊक आहे. 1930 च्या माल विक्री अधिनियमाचे 16 वे कलम, काही अपवाद सोडल्यास, खरेदी करणाऱ्याला एवढेच सांगते की, बाबा रे, पारखून घे. विक्रेता व्यापारी नसून गृहस्थ असला म्हणजे ग्राहक संरक्षण कायद्याचे छत्रही सहसा डोक्यावर नसते. तेव्हा हे सारे समजावून देऊन, दोष निघाल्यास तो आपला, अशा बोलीवर आम्ही संमती दिली.

वाद उद्भवला तो निराळ्याच कारणाने. लष्कर भागातील आमच्या देवळात एकादशीला भजन असते. त्या भजनात गिटारीची साथ करावी, असा चिरंजीवांचा मनोदय. आमचे थोरले काका वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही टाळ धरून बसतात. त्यांनी एकदाच ऐकले आणि म्हणाले, "हे वाद्य परके आहे, आणि शिवाय ते मध्येच कुणीतरी कण्हल्यासारखे कण्हते. देवापुढे नको."

म्हणजे हरकती दोन. त्या वेगवेगळ्या तपासणे प्राप्त होते.

पहिली हरकत परकेपणाची. ज्या पेटीवाचून आज आपल्या कोणत्याही देवळात, मग ते ग्वाल्हेरचे असो की फोंड्याचे, भजनाला तोंड फुटत नाही, ती हार्मोनियम मूळची युरोपातली. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, अशा तक्रारी होऊन 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले, ते सुमारे तीन दशके. देवळाने मात्र तिला दार बंद केले नाही. आमच्याच ग्वाल्हेरच्या भैया गणपतरावांनी त्या पेटीतून ठुमरी अशी बोलती केली की, त्यांचे नाव आजही पेटीवाल्यांत आदराने घेतात. दुसरा दाखला जिवाजीगंजातल्या सरोदघराचा. उस्ताद हाफिज अली खाँ यांचे हे घर आता वाद्यांचे संग्रहालय झाले आहे. त्यांच्या घराण्याची परंपरा सांगते की, पूर्वज गुलाम अली खाँ यांनी अफगाणी रबाबाच्या लाकडी पट्टीवर पोलाद बसवले, तातीच्या जागी धातूच्या तारा आणल्या आणि त्यातून सरोद झाला. आणि खुद्द गिटारच मांडीवर आडवी घेऊन ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यातून राग उभे केले. 1967 मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर निघालेली त्यांची ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचली. सबब पहिली हरकत आम्ही फेटाळली.

दुसरी मात्र आम्हांस मान्य करावी लागली. विजेच्या गिटारीत पोलादी तारांखाली लोहचुंबके असतात आणि त्यांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार कंपली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवलेला हा नियम जॉर्ज बोशाम यांनी 1931 च्या सुमारास गिटारीला लावला. परंतु ते वेढे भोळे असतात. तारेचे कंपन जसे टिपतात तशीच भिंतीतल्या विजेची थरथरही टिपतात. आपल्याकडे घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते आणि तिच्या दुपटीचा, 100 आवर्तनांचा, सूर त्या गुणगुणीत ठळक ऐकू येतो. आमच्या भजनाचा षड्ज काळी एकचा. मांडून पाहिले तेव्हा हा 100 आवर्तनांचा सूर तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली, कोणत्याच सुराच्या घरात न बसता मधल्या उंबरठ्यावर उभा असलेला सापडला. तंबोऱ्यावर षड्ज-पंचम चालू असताना तो कण्हल्यासारखा वाटावा यात नवल ते काय! काकांचा कान आमच्या गणिताच्या आधी तेथे पोहोचला होता.

मग वाद्य उघडले. जुन्या रेडिओंवर हात बसलेल्या एका वृद्ध कारागिराने चिरंजीवांना शेजारी बसवून काम केले. तारा ज्या धातूच्या घोडीवरून जातात तिची भूमीशी जोडणारी तार तुटलेली होती. तिला कथिलाचा डाख दिला. पोटातल्या पोकळीला तांब्याच्या पातळ पत्र्याचे अस्तर लावून तेही भूमीच्या तारेला जोडले. शेवटी एका वेटोळ्याचा पिकअप काढून त्याच मापाचा दोन वेटोळ्यांचा बसवला. गिब्सन कंपनीतील सेठ लव्हर यांनी 1955 मध्ये अशा पिकअपच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. त्यात दोन्ही वेटोळ्यांचे वळण उलटसुलट आणि चुंबकांची टोकेही उलटसुलट. त्यामुळे बाहेरून आलेली गुणगुण एकीत अधिक, दुसरीत उणे होऊन शून्यावर येते, तर तारेचा सूर दोहोंत सारखाच उमटून दुणावतो. नव्या पिकअपचा आवाज किंचित जड, म्हणून ध्वनीचे बटण 250 किलोओहमचे होते ते 500 चे घातले. लाकडाला कोठेही धक्का लागला नाही. काढलेले भाग एका डब्यात, नाव-तारीख लिहून ठेवले आहेत. उद्या कोणास मूळ रूप हवे झाले तर ते देता आले पाहिजे.

या साऱ्यातून आम्हांस एक गोष्ट उमगली. वडीलधाऱ्यांची हरकत पुष्कळदा चुकीच्या नावाने दाखल होते. 'परके' म्हणून जे नाकारले जाते, त्याच्यामागे खरा दोष बेसूरपणाचा असतो. आणि तो दूर करता येण्यासारखा असतो. आम्ही तरुण त्या शब्दावर चिडतो आणि दोष तसाच राहू देतो. वडील दोष ऐकतात आणि शब्द भलताच वापरतात. दोघांमधला तंटा वाढतो आणि वाद्य कोपऱ्यात पडते.

निवाडा असा झाला की, गिटारीने भजनात आवाज पेटीच्या खाली ठेवावा, अभंगाच्या ओळीच्या मागे मागे चालावे आणि विजेचा दिमाख दाखवू नये. चिरंजीवांनी तो मान्य केला. कार्तिकी एकादशीस त्याची अंमलबजावणी झाली. तिसऱ्या अभंगानंतर काकांनी टाळ थांबवला. आम्ही जरा सावध झालो. ते चिरंजीवांकडे वळून म्हणाले, "अरे, गजराला थोडा आवाज वाढव. ऐकू येत नाही."