बारा व्होल्टचा हिशोब

कमी पैशांत गेमिंग पीसी जुळवायचा असला की मी सगळ्यात आधी एसएमपीएसचे पैसे बाजूला काढतो, आणि बहुतेकांना हे उलटं वाटतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातलं दुकान, कोटेशन लिहायची रीत ठरलेली असते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या पैशांत बसेल ते कॅबिनेट, एसएमपीएससकट. म्हणजे ज्या भागातून बाकीच्या प्रत्येक भागाला वीज मिळायची, त्याची निवड कॅबिनेटच्या काचेवर आणि रंगीत पंख्यांवर सोपवलेली. चाळीस-पन्नास हजारांची यंत्रं जुळवता जुळवता माझं मत पक्कं होत गेलं: हात जितका आखडता, तितकी एसएमपीएसची निवड काटेकोर हवी. ज्याला जळलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी बदलता येतं, त्याने खुशाल जोखीम घ्यावी. ज्याने ते पै पै साठवून घेतलंय, त्याला ती झेपणारी नाही. आणि काटेकोर निवडायचं म्हणून मोठ्या आकड्याचा डबा उचलला, तर तिथेही फसायला होतं.

आधी गरज किती ते पाहू. उदाहरणाला एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि रेडिऑन आरएक्स ६६०० ही जोडी घेतो, कारण कमी बजेटच्या याद्यांत ती बरीच वर्षं दिसत आली आहे. या प्रोसेसरच्या माहितीत ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण या वर्गाच्या प्रोसेसरला सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. इंटेलच्या आय५-१२४००एफचंही तसंच: मूळ आकडा ६५, कमाल ११७. आरएक्स ६६०० ची अधिकृत मागणी १३२ वॅट आहे. मदरबोर्ड, रॅमच्या दोन पट्ट्या, एक एसएसडी आणि पंखे यांना मी ढोबळमानाने ५० वॅट धरतो. सगळं मिळून २७० वॅट झाले. गेम चालू असताना प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी कमाल मर्यादेला टेकलेत असं क्वचितच होतं, त्यामुळे प्रत्यक्षातला सरासरी भार याहून कमीच भरतो. मात्र यात एक मेख आहे. १३२ हा आकडा सरासरीचा आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं किंवा त्याहूनही कमी वेळ कार्ड त्याच्या बरंच वर उसळी मारतं. एनव्हिडियाच्या ३०८० आणि ३०९० या मोठ्या कार्डांच्या उसळ्या इतक्या तीव्र होत्या की कागदावर पुरेसे वाटणारे काही एसएमपीएस भर खेळात बंद पडत. इंटेलने २०२२ साली आणलेल्या एटीएक्स ३.० मानकात मग यासाठी अटच आली: नवा १६ पिनी जोड असलेल्या, ४५० वॅटहून मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. आरएक्स ६६०० त्या मानाने लहान कार्ड आहे. तरी २७० वर निम्म्याने वाढ धरली की आपण ४०० च्या जरा पुढे जातो. म्हणजे या जोडीला ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो, पण ते ४५० वॅट खरोखर मिळत असतील तर.

ते मिळतात की नाही, हे डब्यावरून कळत नाही. एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेल्या तक्त्यावरून कळतं. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली ॲम्पियर. मी सरळ १२ व्होल्टच्या रकान्यावर जातो. पेंटियम ४ च्या काळात प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनी जोड आला आणि तेव्हापासून भार त्या बाजूला सरकत गेला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे गिऱ्हाईक जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून उचलतात. त्या रकान्यात १६ ॲम्पियर असतील, तर सोळा बारे १९२. बाहेर ४५० छापलेलं असलं तरी आपल्या कामाचे वॅट १९२ च. नीट बांधलेल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे साधारण ३६ ॲम्पियर दिसतात, म्हणजे ४३२ वॅट. काहींवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची नुसती बेरीज करून चालत नाही. दोन्हींची मिळून कमाल किती हे वेगळं लिहिलेलं असतं, आणि ते लिहायचं टाळलं असेल तर त्यातही आपलं उत्तर मिळालं. दुसरी खूण जोडांची. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत मिळतात, सहा पिनी जोडातून आणखी ७५, आठ पिनीतून १५०. ज्या एसएमपीएसला आठ पिनी जोडच नाही, तो असं कार्ड चालवण्यासाठी बनवलेलाच नाही. मग दुकानात कन्व्हर्टर पुढे केला जातो. साटाच्या एका वीजजोडातून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५४ वॅट नेण्याची मुभा आहे. त्यावर सहा पिनी कन्व्हर्टर लावून ७५ वॅट ओढले, तर प्लास्टिक वितळण्याचा धोका आपणच घरात आणला असं होतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो: एवढं गणित कशाला, कार्ड बनवणारी कंपनीच किती वॅटचा एसएमपीएस लागेल ते सांगते की! सांगते, आणि तो सल्ला चुकीचा नसतो. पण तो कशाच्या आधारावर दिलाय ते पाहायला हवं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं कार्ड, आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं. दोन्हींसाठी कंपनीची शिफारस ५५० वॅटचीच. मागणी ५५ वॅटनी उतरली तरी शिफारस हलली नाही, कारण गिऱ्हाइकाकडे कोणता प्रोसेसर असेल आणि कसला एसएमपीएस असेल हे कंपनीला ठाऊक नसतं, म्हणून ती वरचा आकडा सांगून मोकळी होते. आरएक्स ६६०० साठी एएमडीने ४५० सांगितलं आहे, ते आपल्या हिशोबाशी जुळतं. अडचण पुढे होते. ५५० ऐकलेला माणूस दुकानात जाऊन ५५० छापलेला सगळ्यात स्वस्त डबा मागतो. आणखी सावध माणूस ६५० किंवा ७५० मागतो. पैसे तेवढेच ठेवून आकडा वाढवला, तर वाढीव वॅट कुठून तरी काटकसर करूनच येणार: लहान कपॅसिटर, बारीक तारा, संरक्षणाच्या सर्किटांना फाटा. म्हणून एकाच किमतीत हलका ६५० आणि भरवशाचा ४५० समोर आले, तर मी बिनदिक्कत ४५० घेतो.

भरवसा नेमका कशाचा? मानकानुसार १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ यांच्या आत राहिली पाहिजे आणि तिच्यावरची थरथर १२० मिलिव्होल्टच्या वर जाता कामा नये. स्वस्त, जुन्या धाटणीच्या रचनेत ५ आणि १२ व्होल्टचं नियंत्रण एकत्रच असतं. १२ वर सगळा भार आणि ५ वर जवळपास शून्य अशी आजच्या यंत्राची अवस्था झाली की दोन्ही लाइन विरुद्ध दिशांना सरकतात. याचा त्रास यंत्र जळण्याआधी कितीतरी दिवस सुरू होतो, आणि तो ओळखू येत नाही. गेम रंगात आला की पीसी रीस्टार्ट होतो, ब्राउझर मात्र दिवसभर सुखाने चालतो. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढंच दिसतं, आणि त्याचा अर्थ इतकाच की यंत्र रीतसर बंद न होता बंद पडलं. मग दोष ड्रायव्हरला दिला जातो, विंडोज पुन्हा टाकली जाते, रॅम बदलून पाहिली जाते. त्यात आपली घरची वीज. आपल्याकडे ५० हर्ट्झला विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. वीज तुटल्यावर एसएमपीएसने स्वतःच्या कपॅसिटरवर यंत्र किती वेळ तगवावं, याचं एटीएक्समधलं जुनं प्रमाण १६ मिलिसेकंद होतं, म्हणजे एका आवर्तनाहूनही कमी. घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर, म्हणजे तेवढ्या अवधीत बॅटरीवर वळणारा असेल आणि एसएमपीएस या प्रमाणाचा असेल, तर लाइट गेल्याचं पीसीला कळतही नाही. कपॅसिटरमध्ये हात आखडलेला असेल, तर यूपीएस असूनही स्क्रीन काळी होते. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, तिथे १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारा, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेला एसएमपीएस बहुतेकदा स्टॅबिलायझरशिवाय निभावून नेतो. मात्र त्याच्यासोबत इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर मात्र कुठलाही एसएमपीएस कॅबिनेटला झिणझिण्या आणणारच, त्याला इलाज वायरमनकडे आहे.

मग लोक म्हणतात, ८० प्लसचा शिक्का पाहून घ्यावं, प्रश्न मिटला. शिक्का उपयोगाचा आहे. पण तो काय मोजतो हे लक्षात ठेवून. २००४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या योजनेत फक्त कार्यक्षमता तपासतात. ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझसाठी २०, ५० आणि १०० टक्के भारावर अनुक्रमे ८२, ८५ आणि ८२ टक्के, तर गोल्डसाठी ८७, ९० आणि ८७. थरथर किती, संरक्षण आहे का, याची परीक्षा त्यात नाही. चाचणीच्या खोलीतलं तापमान २३ अंशांच्या आसपास असतं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे बंद कॅबिनेटच्या आत काय असेल याचा विचार ज्याचा त्याने करावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीला निम्मं होतं, हा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. गोल्ड असूनही काय होऊ शकतं, ते २०२१ साली जगाने पाहिलं. गिगाबाइटचे ७५० आणि ८५० वॅटचे दोन गोल्ड मॉडेल गेमर्स नेक्सस या हार्डवेअर तपासणाऱ्या यूट्यूब चॅनेलच्या चाचण्यांत धडाधड फुटले. कंपनीचं म्हणणं पडलं की चाचणी वाजवीपेक्षा कठोर आणि लांबलेली होती. तरीही तिने अतिभाराला वीज तोडण्याची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणली आणि माल बदलून देऊ केला. विजेच्या बिलासाठी गोल्ड घ्यावा, हाही युक्तिवाद टिकत नाही. २५० वॅटचा भार, रोज चार तास खेळ: ब्राँझ सुमारे २९४ वॅट ओढेल, गोल्ड २७८. महिन्याकाठी फरक जेमतेम दोन युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरले तरी वीस रुपये. कमी बजेटमध्ये ब्राँझ पुरे, पण त्या नेमक्या मॉडेलची कुणीतरी उघडून, भार टाकून परीक्षा केलेली हवी. कंपनीच्या नावावर थांबता येत नाही, कारण अनेक कंपन्या स्वतः बनवतच नाहीत. सीसॉनिक, चॅनेल वेल, ग्रेट वॉल, एचईसी अशांकडून माल बनवून घेतात आणि एकाच नावाखाली दोन वेगळ्या दर्जाचे एसएमपीएस विकले जातात.

सगळ्यात जोरदार आक्षेप अनुभवाचा असतो: आमच्याकडे कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस सात-आठ वर्षं चालतोय, काही झालं नाही. यावर माझा विश्वास आहे. बिलं छापणाऱ्या, टायपिंगच्या, अंगभूत ग्राफिक्सवर चालणाऱ्या यंत्राची मागणी शंभर वॅटच्या आतबाहेर असते, आणि १९२ वॅट देऊ शकणाऱ्या एसएमपीएसला ती सहज झेपते. ऑफिसच्या पीसीसाठी मीही फार खर्च सुचवत नाही. पण तो पुरावा गेमिंग पीसीला लागू होत नाही. तिथे त्याच एसएमपीएसकडून दुपटीहून जास्त मागणी, तीही उसळ्यांसकट, तासन्‌तास होणार असते. दुसरा आक्षेप पैशांचा. चाळीस हजारांच्या यंत्राला साडेतीन-चार हजारांचा एसएमपीएस म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तेच पैसे कार्डात घातले तर फ्रेम वाढतील, असं ऐकवलं जातं. फुकट मिळणाऱ्या आणि नीट एसएमपीएसमधला हा तीन-साडेतीन हजारांचा फरक बहुतेक वेळा पुढच्या पायरीच्या कार्डापर्यंत नेत नाही. तेवढे पैसे काचेच्या कॅबिनेटमधून, रंगीत पंख्यांतून किंवा गरज नसलेल्या महाग मदरबोर्डमधून निघतात. शिवाय प्रोसेसर आणि कार्ड चार वर्षांत मागे पडतात; पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस पुढच्या यंत्रातही जातो. चार हजार दोन यंत्रांवर वाटले गेले की ती महागाई उरत नाही.

इतकी काटछाट करूनही कधी आकडा जमत नाही. तेव्हा एसएमपीएसवर कात्री चालवण्यापेक्षा कार्डच पुढे ढकलावं असं मी सांगतो. रायझन ५ ५६००जीसारखा अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर घ्यावा, हलके गेम खेळावेत आणि आठ पिनी जोड असलेला खरा ४५० वॅटचा एसएमपीएस आजच बसवावा. सहा महिन्यांनी, वर्षाने पैसे जमले की कार्ड स्लॉटमध्ये घालायचं, जोड लावायचा, संपलं. उलट क्रमाने गेलं, तर आज कार्ड आणि पुढे कधीतरी एसएमपीएस, असं होतं. मधल्या काळात ते कार्ड ज्या विजेवर चालणार, तिची हमी कुणीच घेतलेली नसते.