रिकामपणाचा उद्योग

एखाद्या मनुष्याची ओळख करून देताना त्याचे नाव, गाव आणि हुद्दा सांगितला की काम भागले, असे आपण समजतो. छंदाची चौकशी होते ती बहुधा लग्न जुळविण्याच्या प्रसंगी, आणि तेथेही 'वाचन व संगीत' हे ठरीव उत्तर दिले की कोणी अधिक खोलात शिरत नाही. आम्हांस हल्ली असे वाटू लागले आहे की, खरा मनुष्य हुद्द्यात थोडा व रिकामपणात फार असतो. त्याच्या कामाची वेळ मालकाची असते आणि झोपेची वेळ देहाची. मध्ये जी घटका-दोन घटका उरते, तेवढीच काय ती त्याची स्वतःची. हा सिद्धांत आम्हांस पन्नाशी उलटल्यावर सुचला, आणि सुचण्यापूर्वी आम्ही त्याच्या नेमके उलट वागून चुकलो होतो. ती हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही अहेरीस राहतो. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या एक होऊन जी प्राणहिता होते, तिच्या काठी हे आमचे गाव आहे. पलीकडच्या तीरावर तेलंगण. पाठीशी आलापल्लीचे सागवानी जंगल. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा एकाच तागडीत तोलल्या जातात. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही चांद्याचे राहिलो नाही; पण मोठ्या शहरांपासूनचे आमचे अंतर त्यामुळे काही कमी झाले नाही. अशा ठिकाणी आम्ही इतकी वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविले. शिकविता शिकविता एक मुलगा वाढविला. शिकविणे बरे साधले, असे आमचे विद्यार्थी म्हणतात. वाढविण्याविषयी मात्र आमचा आम्हांसच संशय आहे.

२०१० सालच्या ऑगस्टातली गोष्ट. चिरंजीव त्या वेळी बारावीस होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडे होते. त्या पुस्तकाखाली आम्हांस एक लांबट, लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही सापडली. उघडून पाहतो तो गोष्टी! एक झाली की दुसरी, दुसरीवर काट मारून तिसरी. आम्ही चार ओळी वाचल्या, आणि बापाला शोभेल अशा गंभीर आवाजात म्हणालो, "परीक्षा होऊ दे, मग परत घे." वही आम्ही सागवानी पेटीत टाकली व किल्ली जानव्याला अडकविली. मुलगा काही बोलला नाही. "छंदाने पोट भरत नाही," हे वाक्य आम्ही त्या वेळी उच्चारल्याचे आमच्या सौभाग्यवतीस अजून आठवते. आम्हांस आठवत नाही. अशा बाबतीत तिचीच आठवण विश्वसनीय असते.

यातील गंमत अशी की, त्याच आठवड्यात आम्ही वर्गात चार्ल्स लॅम शिकवीत होतो. हा निबंधकार १७९२ पासून १८२५ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षे, लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसात हिशेबाच्या मेजावर खर्डेघाशी करीत होता, आणि ज्या निबंधांमुळे जग त्याला ओळखते ते त्याने कचेरीतून उरलेल्या वेळात लिहिले. आपली खरी ग्रंथसंपदा म्हणजे कचेरीच्या फळ्यांवरील त्या जाडजूड खतावण्या, अशी थट्टा तो स्वतःच करी. हे आम्ही मोठ्या रसाने विद्यार्थ्यांस सांगितले. मग वऱ्हाडातले उदाहरण हवे म्हणून श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे नाव घेतले: वकिली हे पोटाचे साधन, नाटके व विनोद ही कीर्ती, आणि या दोहोंतून वेळ काढून ज्योतिर्गणिताचा व्यासंग! वर्ग प्रसन्न झाला. आम्हीही प्रसन्न होऊन घरी आलो. जेवताना जानव्याची किल्ली ताटाच्या कडेला लागून वाजली, तरी आमच्या डोक्यात काही वाजले नाही.

परीक्षा झाली. चिरंजीव नागपुरास अभियांत्रिकी शिकले आणि पुण्यास एका कंपनीत प्रोग्रॅमर झाले. वही त्यांनी मागितली नाही. आम्ही दिली नाही. आरंभी विसरलो म्हणून दिली नाही, आणि आठवल्यावर लाज वाटली म्हणून.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चिरंजीव आपला संगणक काखेत मारून अहेरीस परतले. माजघरात मेज मांडले, कानाला यंत्र लावले, आणि आमच्या घरात कचेरी सुरू झाली. साथ गेली तरी वर्षातले बरेच महिने येथून काम करण्याची मुभा त्यांस राहिली. अशा रीतीने, ज्याचे शिक्षण आम्ही केले पण ज्याच्याकडे कधी पाहिले नाही, तो मनुष्य आमच्या नित्य दृष्टीस पडू लागला.

काय आढळले? पहाटे हे गृहस्थ नदीवर जातात. काठच्या उतारावर एक मोठा खडक आहे. त्यावर शाळेत असताना त्यांनीच छिन्नीने बारा खाचा केलेल्या आहेत. पाणी कितव्या खाचेपर्यंत आले हे पाहून ते टिपून ठेवतात. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पुराने सिरोंच्याकडची गावे वेढली गेली, तेव्हा खडकच दिसेनासा झाला. चिरंजीवांनी त्या रकान्यात 'खडक नाही' असे लिहिले. बाजाराच्या दिवशी ते भाजी कमी व शब्द जास्त आणतात. आजूबाजूच्या पाड्यांतील म्हाताऱ्या माणसांकडून झाडांची, माशांची, पावसाच्या प्रकारांची माडिया नावे विचारून घ्यावयाची. गोंडीसाठी रचलेल्या दोन लिप्या, मसराम आणि गुंजाळा, अनुक्रमे २०१७ व २०१८ साली युनिकोडात, म्हणजे जगातील संगणकांच्या सामाईक अक्षरसंचात, दाखल झाल्या. त्या अक्षरांनी आपल्या यादीचा एक तरी रकाना भरावा, हा त्यांचा ध्यास. आणि रात्री, दिवा लावून ओसरीच्या भिंतीवर पांढरी चादर टांगून बसावयाचे. रानातले पतंग येऊन चादरीवर बसतात, त्यांची छायाचित्रे घ्यावयाची. आमच्या सौभाग्यवतीने चादरीबद्दल पुष्कळ तक्रार केली. आता तीच आत येऊन सांगते, "आज एक हिरवा आला आहे, तळहाताएवढा!"

एकदा आम्ही थट्टेने म्हणालो, "दिवसभर संगणक आणि रात्री पाखरे! यांचा संबंध काय?" तेव्हा चिरंजीवांनी जी माहिती दिली ती वाचकांसही आवडेल. प्रोग्रॅममधील चुकीला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. हा शब्द यंत्रांच्या दोषाला पूर्वीपासून लावीत असत. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या गणकयंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटविला आणि खाली शेरा मारला की, खराखुरा किडा सापडण्याची ही पहिलीच वेळ. ती वही पतंगासकट अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. "म्हणजे, बाबा, आमच्या धंद्याचे हे कुलदैवतच," असे म्हणून ते हसले.

ते गोष्टी लिहितात हे आम्हांस परक्या तोंडून कळले. एका दिवाळी अंकात त्यांचे नाव पाहून आमच्या एका सहकाऱ्यांनी आमचे अभिनंदन केले, व आम्ही सर्व काही ठाऊक असल्यासारखी मान हलविली. घरी आल्यावर मात्र राहवेना. आम्ही विचारले, "दिवसभर यंत्राला आज्ञा लिहावयाच्या, आणि पुन्हा गोष्टी? हे दोन उद्योग एका डोक्यात नांदतात कसे?"

ते म्हणाले, "नांदतात, पण भांडून. यंत्राला मनातले कळत नाही, फक्त लिहिलेले कळते. एक स्वल्पविराम चुकला तरी ते चुकल्याप्रमाणेच वागते. आठ तास असे केले की सगळे जगच आपल्या आज्ञेत आहे असे वाटू लागते. माझ्या पहिल्या गोष्टींतली माणसे मी सांगेन तशीच वागत. संपादकांनी त्या गोष्टी परत पाठविल्या; योग्यच केले."

"मग?"

"मग इथे आलो. वादळ झाले की इंटरनेट बंद. दुसरे काही करता येईना, म्हणून नदीवर जाऊन बसू लागलो. एक गोष्ट अडली होती. नदीवर पूल होतो आणि डोंगा चालविणाऱ्या म्हाताऱ्याचा धंदा बुडतो, अशी. त्याला शेवटी रडवायचे होते. पण लिहून पाहिले तर खोटे वाटे. म्हणून डोंगा चालविलेल्या एका म्हाताऱ्यालाच विचारले. तो म्हणाला, 'बरंच झालं, भाऊ. रात्री-बेरात्री कोनी हाक मारत नाही आता.' एवढ्यात माझी गोष्ट मोडली, आणि मग नीट झाली. नदी माझे ऐकत नाही, पतंग ऐकत नाहीत, म्हातारी माणसे तर मुळीच ऐकत नाहीत. जे ऐकत नाही त्याच्यापाशी रोज थोडा वेळ बसावे लागते, बाबा. त्याशिवाय गोष्ट लिहिता येत नाही."

आम्ही इतकी वर्षे वाङ्मय शिकविले, पण कल्पित कथेविषयी याहून नेमके वाक्य आमच्या टिपणांत नाही. छंद म्हणजे कामाचा शीण घालविण्याचे साधन, अशी आमची समजूत होती. येथे उलट प्रकार दिसला. दिवसभर हुकमत गाजविणाऱ्या मनाला छंद आज्ञाधारक करीत होता. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन पंडिताविषयी चिरंजीवांनी मग सांगितले. १९६८ पासून प्रोग्रॅमिंगच्या कलेवर खंडामागून खंड लिहिणारा हा मनुष्य घरी मोठा पाइप ऑर्गन बाळगतो व वाजवितो. आणि १९७३ साली ऑस्लोमध्ये असताना त्याने एका आठवड्यात एक लघुकादंबरी लिहून काढली. समुद्रकाठी राहणाऱ्या एका तरुण जोडप्याला कोरलेला दगड सापडतो व त्यावरून ती दोघे नव्या संख्यांचे शास्त्र उलगडतात, अशी तिची कथा. आमच्याकडचे उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा धाडली ती नारायण विनायक जगताप या नावाने. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून उतरवून घेतली. कथेस पहिले बक्षीस मिळाले. आपल्या कीर्तीचा हुकूम परीक्षकांवर चालू नये, ही त्यातली काळजी आम्हांस बक्षिसाहून मोठी वाटते.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. यंत्राला आपल्या मनातले कळत नाही, हे मुलाने सांगितले होते. पण आम्ही तरी दुसरे काय केले होते? एका मुलाला आज्ञावली समजून आम्ही त्यातला नको असलेला भाग पेटीत टाकला, आणि पुढे सर्व सुरळीत चालले म्हणून आपली पाठ थोपटून घेतली. त्याच्या मुकाट्याचा अर्थ आम्ही 'ऐकले' असा लावला.

सकाळी पेटी उघडली. वही होती. पुठ्ठा वाळवीने थोडा खाल्ला होता, अक्षर शाबूत होते. नदीवरून परतलेल्या चिरंजीवांच्या हातात ती दिली आणि आम्ही म्हणालो, "परीक्षा होऊन फार दिवस झाले." अधिक काही बोलवेना.

त्यांनी गोष्टींची पाने भराभर उलटली. "या मला पाठ आहेत. तीनदा नव्याने लिहिल्या, आणि टाकूनही दिल्या," असे म्हणून त्यांनी वही पालथी केली व मागच्या बाजूने उघडली. तेथे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. मागच्या पानांवर बारीक अक्षरात तारखा होत्या, आणि प्रत्येकीपुढे खाचेचा आकडा. "मिळाल्या!" ते ओरडले. "२०१०च्या पावसाळ्याच्या नोंदी! आई, मिळाल्या!" इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर बारावीच्या निकालाच्या दिवशीही आम्ही पाहिला नव्हता.

त्यांनी लगेच ते आकडे संगणकातील तक्त्यात उतरविले. जून भरला, जुलै भरला. ऑगस्टातल्या एका तारखेपाशी आकडे संपले. त्यापुढे सप्टेंबर अखेरपर्यंत रकाने मोकळे राहिले. ती तारीख कोणती, हे आम्हां दोघांस सांगावे लागले नाही. चिरंजीवांनी त्या मोकळ्या रकान्यांत फक्त 'नोंद नाही' असे लिहिले आणि चहा मागितला. त्या पावसाळ्यात नदी किती चढली, किती उतरली, ते आता त्या तक्त्यात कोणास भरता येणार नाही.

सध्या कामासाठी ते तीन आठवडे पुण्यास गेले आहेत. पहाटे आम्ही काठी घेऊन खडकापर्यंत जातो. आरंभी गुडघे कुरकुरले. आता तेही वाट पाहतात. घरी येऊन फोन करतो व सांगतो, "आज पाचव्या खाचेच्या खाली चार बोटे." पलीकडून प्रश्न येतो, "बोटे कोणाची, बाबा? तुमची की माझी? माप एकच हवे." आम्ही सांगतो की, बोटे आमचीच आहेत, आणि तसे वहीत लिहूनही ठेवले आहे.